फ्लेक्सवरचा चेहरा

केडगावजवळच्या त्या गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि हौशीराम लगेच फोटो काढायला बसला. स्वतःचा. उमेदवार होती त्याची बायको शेवंताबाई. पण फ्लेक्सवर मोठा चेहरा आपलाच हवा, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"कोपऱ्यात तुझा आधारवरचा लावू," तो म्हणाला.

आधार कार्डावर शेवंताबाई पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. एकदा तरी गावासमोर आपल्या चेहऱ्याने उभं राहावं, असं तिला फार वाटत होतं. पण तिला विचारतो कोण?

स्टुडिओवाला महाग पडतो, म्हणून घरातच स्वस्तात लाइट जमवायचं ठरलं. मोबाइलवरच्या कुण्या तज्ज्ञाने सांगितलं होतं, आधी बाहेरचा उजेड बंद करा. मग भर अकरा वाजता हौशीरामने खिडक्यांना खताची पोती टांगली. अंगणात फुकटचं ऊन सांडलेलं, आणि हा पठ्ठ्या घरात अंधार करून उजेड विकत आणत होता.

पहिला आला ऑनलाइन मागवलेला गोल रिंगलाइट. त्याने चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक पांढरं कडं उमटवलं. चष्मा काढावा, तर हौशीरामला कॅमेरा कुठे आहे तेच दिसेना. मग मांडववाल्याचा हॅलोजन आला. त्यात टक्कल असं तळपलं की खालचा चेहरा शोधावा लागला, आणि घामाने कडक इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं. शेवटी फुलांना रात्रीही उजेड मिळावा म्हणून मळ्यात टांगलेला एलईडी बल्ब काढून आणला. तो काठीला बांधून धरायचं काम अर्थातच उमेदवाराकडे.

"वर धर. आनखी वर. हालू नको!"

दोन तास झाले. मोबाइल धरून सून प्रांजल कंटाळली, शेवंताबाईचा खांदा भरून आला. आणि मग तिचं डोकंच फिरलं. तिने काठी भिंतीला टेकवली, खिडकीचं पोतं ओढून काढलं आणि तिथेच उभी राहिली.

"प्रांजल, आता माझा काढ."

"आत्या, भारी दिसताय! फकस्त ह्या बाजूला काळं पडतंय. कुणीतरी पांढरी चादर धराया पायजे."

शेवंताबाईने पलंगावरची चादर नवऱ्याच्या हातात कोंबली.

"अगं, आन् माझा फोटो?"

"आधी धरा. वर. आनखी वर. आन् हालू नका."

चार दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर एकटी शेवंताबाई, थेट गावाच्या डोळ्यांत बघणारी. हौशीराम खाली उभा राहून बराच वेळ स्वतःला शोधत होता.

"ह्यात मी कुठं हाय?"

फोटोच्या कडेला चादरीचं टोक राहिलं होतं, आणि ते धरलेला एक अंगठा. प्रांजल तो कापणार होती. शेवंताबाईनेच राहू दिला.

"त्यो काय," ती बोट दाखवत म्हणाली. "खाली तुमचं नाव टाकाया सांगू का?"