खनुनच्या वाट्याची गोळी

थायलंडमधल्या आमच्या सोंगखलाच्या तळ्यावर सकाळी धुकं उतरलं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. तशात माझी बुनरुअन मावशी भिक्खूंना भात वाढून परत यायची, झाडाच्या मुळाशी भांड्यातून पाण्याची धार सोडायची आणि पदरात पडलेलं पुण्य साऱ्या जीवांना वाटून टाकायची. त्यांत पहिलं नाव मांजरीचं, खनुनचं. मला अर्धवट झोपेत ती धार ऐकू यायची, आणि मग आणखी छान झोप लागायची.

मावशीला साखरेचा आजार. दोन महिन्यांपूर्वी केळी भाजताना तिच्या पायावर निखारा पडला. तिने आमच्याकडे सगळे करतात तेच केलं. दुकानातून अँटिबायोटिकची कॅप्सूल आणली, फोडून पूड जखमेवर भुरभुरली आणि उरलेली खनुनच्या फाटक्या कानावर. हे तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. पाय चिघळला. डॉक्टर म्हणाले, आटोक्यात आलं नाही तर पाय काढावा लागेल.

मी जनावरांच्या कॉलेजात जंतू वाढवते, म्हणून दोघींच्या जखमांचे नमुने मीच नेले. बशीतल्या जंतूंवर औषधाच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं. खनुनच्या अंगावर सहा कुळांचे जंतू निघाले. एवढीशी मांजर आणि केवढा गोतावळा! मी भान हरपून बघत बसले. त्यातलं एक कूळ मावशीच्या जखमेतलंच होतं, आणि दोन्ही बशांत नऊपैकी एकाच टिकलीभोवती कडं होतं.

घरी आल्यावर माझ्या पोटात शहाणपण मावेना.

"मावशी, तुमच्या दोघींचे जंतू एकाच घरातले निघाले."

"मग? राहतो कुठे आम्ही?"

"आता एकच औषध उरलंय. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ. चुकवायचं नाही."

"तू ताप उतरला की गोळ्या फेकतेस, आणि मला शिकव."

हॉस्पिटलने त्याच गोळ्या दिल्या. आठवडाभर सूज ओसरत गेली. अकराव्या दिवशी बोटं काळवंडली. मी पुन्हा बशी लावली. या वेळी एकाही टिकलीभोवती कडं नव्हतं.

"गोळ्या घेतल्यास ना?"

"रोज. सकाळची मी, संध्याकाळची खनुन. माशात घालून देते."

मी गोळ्यांचं पाकीट उचललं आणि खनुनकडे पाहिलं.

"अशी काय बघतेस, फान? तूच म्हणालीस ना, एकाच घरातले. पुण्य वाटून कधी कमी पडलंय? मग औषध एकटीने कसं गिळायचं?"

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. मांजरीला देऊ नकोस, एवढं वाक्य मी बोलले नव्हते.

पाय गुडघ्याखाली काढला. अर्ध्या औषधाने जंतू मेले नाहीत, उलट निर्ढावले, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तरी ती म्हणेल, एकीचं तरी भागलं. आणि ते खोटं नाही. खनुनचा कान भरून आलाय.