अठ्ठेचाळीस तास

सुष्मिता इंग्लंडला गेली तर आपल्या पदरात काय काय पडणार, याची मोजदाद गुरुसिद्धाप्पांनी गुजरीतल्या आपल्या चांदीच्या दुकानाच्या गादीवर बसून केव्हाच करून ठेवली होती. पोरीला नर्सिंगला घातलं तेव्हा 'लिंगायताची पोर परक्यांची हागामुताची भांडी काढणार व्हय?' म्हणून नाक मुरडणारे सोयरे गप होणार, हे एक. स्थळं पेठ वडगाव सोडून पुण्या-बेळगावातनं येणार, हे दुसरं. आणि सगळी गुजरी त्यांना 'इंग्लंडवालं अप्पा' म्हणणार. हे शेवटचं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण तोलायला घेतलं असतं तर पारडं तिकडंच झुकलं असतं.

खर्ची पडणार होता फक्त एक फॉर्म.

साल दोन हजार तीन. तिकडच्या एका हॉस्पिटलनं नोकरी देऊ केली होती. अट एवढीच, की तिकडच्या नर्सिंग कौन्सिलनं सुष्मिताचं इकडचं शिक्षण सहा महिन्यांत मान्य केलं पाहिजे. त्यासाठी कॉलेजनं लिहून द्यायचं की पोरीनं कुठल्या वॉर्डात किती तास काम केलं. मग सही, शिक्का, पाकीट बंद, वर लाख. ते फक्त कौन्सिलनंच फोडायचं.

कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते दत्तोपंत. पहिल्या खेपेला प्राचार्या रजेवर. दुसऱ्या खेपेला शिक्का कपाटात आणि किल्लीवाला मेहुणीच्या लग्नात. तिसऱ्या खेपेला पंतांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पदवीची साक्षांकित प्रत?"

"मागल्या टायमाला बोलला न्हाईसा की!"

"मागच्या वेळी तुम्ही विचारलं नाहीत."

"पंत, दोन महिनं गेलं वो ह्यात."

"अप्पा, इंग्लंड काय पळून जातंय? दीडशे वर्षं आपल्याच उरावर बसलं होतं."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. अप्पाही हसले, कारण काम अडलेल्या माणसाला हसावंच लागतं.

पाचव्या खेपेला पाकीट हातात पडलं. नियमानं ते कॉलेजनंच पाठवायचं, पण परदेशी टपालाचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे पंतांना ठाऊक नव्हतं. "तुम्हीच कुरियर करा," ते म्हणाले. "पण फोडलंत तर पोरीचं नाव कायमचं बाद. मग माझ्याकडं यायचं नाही."

अप्पांनी मान डोलावली आणि दुकानात येऊन पाकीट फोडलं.

यात लबाडी नव्हती. चांदीच्या धंद्यात बंद पुडकं सोडवून तोलल्याशिवाय पुढं जात नाही. हुपरीहून सख्ख्या भावानं धाडलेली पैंजणंसुद्धा अप्पा सोडत, तोलत आणि होती तशी बांधत. त्याला अविश्वास म्हणत नाहीत, रीत म्हणतात. सुरी तापवून त्यांनी लाखेखालनं अलगद फिरवली. सुष्मिताच्या वहीतले तास त्यांना तोंडपाठ होते. मेडिकल बरोबर. सर्जिकल बरोबर. बाळंतपण, लहान मुलं, बरोबर. मनोरुग्ण विभाग: चारशे ऐंशी हवेत, तिथं अठ्ठेचाळीस.

एक शून्य पंत खाऊन बसले होते.

अप्पांनी पेन उचललं. शून्य काढायला काय लागतंय? पण पुढं अक्षरीही अठ्ठेचाळीसच लिहिलं होतं, पंतांच्या वळणदार इंग्रजीत. शिवाय उभ्या आयुष्यात दुसऱ्यानं लिहिलेलं वजन अप्पांनी बदललं नव्हतं. पेन खाली ठेवून त्यांनी पाकीट बंद केलं. कॉलेजची तपकिरी लाख चुरा होऊन पडली होती, म्हणून पार्सलाला लावतात ती दुकानातली लाल लाख लावली आणि तडक सहाव्या खेपेला गेले.

"पंत, तासांचं तेवढं बरोबर हाय न्हवं? मनोरुग्णाचं?"

पंतांची लेखणी थांबली. "का? फोडलंत?"

"न्हाय की!"

"मग मनोरुग्णच का आठवले?"

"आपलं... तुमच्याकडं बघून."

हे बोलायला नको होतं. पंत उभे राहिले. "बावीस वर्षं नोकरी झाली माझी, एक खाडाखोड नाही. घ्या सिद्धेश्वराची शपथ. फोडलं असेल तर आत्ताच प्राचार्यांना सांगतो, नाव बाद करून टाकू."

अप्पांनी आठ माणसांदेखत शपथ घेतली. चांदीवाल्याची शपथ मोडली तर दुकानात कोण चढतो? आणि नाव बाद झालं तर पोरीचं काय? घरी येऊन त्यांनी पाकीट सुष्मिताच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं केलं, बापाकडं एकदा बघितलं आणि कुरियरला गेली. एवढी शहाणी गोरी माणसं, तेवढं समजून घेतील, असं अप्पांनी स्वतःला सांगितलं.

त्यांनी समजून घेतलं नाही. तीन महिन्यांनी पत्र आलं: मनोरुग्ण विभागाचे चारशे बत्तीस तास कमी, भरून काढावेत आणि फीसह नव्यानं अर्ज करावा. तोवर मुदत संपली आणि ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

सुष्मिता पत्र घेऊन कॉलेजात गेली. पंतांनी रजिस्टर काढलं. त्यात चारशे ऐंशीच होते.

"मग दुरुस्त करून द्या की, सर."

"पोरी, बाहेर गेलेला कागद म्हणजे रेकॉर्ड. तो चुकला असं म्हणायचं तर समितीचा ठराव हवा. समिती जूनमध्ये बसते. मी मार्चमध्ये रिटायर होतोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यापेक्षा तास भरून टाक. लवकर होईल."

आणि खरोखरच ते लवकर झालं. एका माणसाकडून एक शून्य लिहून घेण्यापेक्षा चारशे बत्तीस तास पुन्हा करणं सोपं निघालं. इथली हातातली नोकरी सोडून सुष्मिता रोज पहाटेच्या एस.टी.नं मिरजेकडच्या एका मनोरुग्णालयात जाऊ लागली, बिनपगारी. अप्पा रोज स्टँडवर सोडायला जात. बायको रत्नव्वा म्हणायची, "पोरीचा डबा धरून हे असं चोरासारखं काय चालत्यात?"

फेब्रुवारीत भरलेल्या तासांचं नवं पाकीट घेऊन सुष्मिता दुकानात आली. अप्पांनी सवयीनं हात पुढं केला.

"हात लावू नका, अप्पा."

"बघतो नुसतं."

"मागचं बघितलंसा ते बास झालं. कॉलेजची लाख तपकिरी असतीया. त्या पाकिटावर लाल हुती."

अप्पांचा हात तसाच राहिला. "मग तवाच बोलली न्हाईस?"

"कशाला बोलू? मला वाटलं, अप्पांनी सोडवून तोललंय म्हंजे माल बरोबर आसणार. चूक आसती तर अप्पा बोलल्याशिवाय ऱ्हायलं नसतं." ती थांबली. "किती दिसलं हुतं तुमाला?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, की ज्याच्याकडं वळता येईल.

"अठ्ठेचाळीस," अप्पा म्हणाले.

सुष्मितानं पाकीट पर्समध्ये घातलं आणि ती पायऱ्या उतरून गेली.

मार्चमध्ये दत्तोपंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. भाषणात बावीस वर्षांत एक खाडाखोड नसल्याचा उल्लेख आला. कौन्सिलला फी दोनदा मिळाली. अप्पांची शपथ गुजरीत शाबूत राहिली. चारशे बत्तीस तास राहिले, ते सुष्मितानं भरले, उभ्यानं.