शिवलीलेचा वाटा

कृष्णाबाई धाकट्या सुनेकडे बेळ्ळंदूरला आठवडाभर राहून के. आर. पुरमला परत आल्या, चपला काढल्या आणि पाणी मागायच्या आधी म्हणाल्या, "काय घर ठेवलंय गं शिवलीलानं! नुसतं देवळागत. इकडनं तिकडं जाताना कशाला म्हणून अडखळाय नको."

हे त्या थोरल्या सुनेला, प्रणिताला, सांगत होत्या. प्रणिता तेव्हा त्यांची पिशवी ठेवायला जागा शोधत होती.

वाक्य तसं साधंच. पण कृष्णाबाई निपाणीहून बेंगळुरात आल्या तेव्हापासून थोरलीकडेच राहत होत्या. त्यांची शुगरची गोळी, भाकरी, सोमवार, एक कन्नड मालिका आणि तिच्याच वेळेला लागणारी एक मराठी मालिका, हे सगळं प्रणिता सांभाळत होती. बदल्यात "आज मीठ बरं पडलंय" इथपर्यंत मजल गेली होती. "काय घर ठेवलंय" कधी निघालं नव्हतं. शिवलीलेला ते आठवड्यात मिळालं, तेही घरात काही न ठेवल्याबद्दल.

शिवलीला घर रिकामं करतेय हे सगळ्या पैपाहुण्यांना माहीत होतं, कारण ती ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर करत असे. एक फिकट सोफा, एक कुंडी, कुंडीत एक पान. खाली इंग्रजीत लिहिलेलं, की वस्तू कमी झाल्या की मन मोकळं होतं. प्रणिता ते रोज बघायची. आपण बघितल्याचं जावेला कळू नये म्हणून नवऱ्याच्या, महांतेशच्या, फोनवरून बघायची. थोरल्या भाऊजींना घरसजावटीची इतकी आवड आहे, असं शिवलीलेला आधी वाटलं नव्हतं.

सासूबाईंचं ते वाक्य ऐकल्यावर प्रणितानं आपलं घर परक्या बाईच्या नजरेनं बघितलं. बाल्कनीत तांब्याचा बंब, त्यावर महांतेशचे बनियन. सोफ्याखाली पाटा-वरवंटा. कोपऱ्यात लाकडी पाळणा, त्यात पोरं मोठी झाल्यापासून रद्दी झोपलेली. टीव्हीशेजारी एकावर एक चढलेल्या घागरी. आणि मग तिच्या लक्षात आलं, की यातलं काहीच तिचं नाही.

निपाणीचं घर आवरलं तेव्हा कृष्णाबाईंनी दोन सुनांत भांड्याकुंड्यांची वाटणी केली होती. बंब, पाळणा, पाटा-वरवंटा, घागरी शिवलीलेला. समया, परात आणि लग्नाच्या जेवणाची कढई प्रणिताला. तेव्हा शिवलीला तिचा हात धरून म्हणाली होती, "अक्का, थोरल्या तुम्ही. मान तुमचा. हे तुमच्याच घरात शोभंल." प्रणितानं तो मान टेम्पोतून उतरवून घेतला होता. पुढं शिवलीलेची व्यायामाची सायकल आली, तीही मानानंच.

म्हणजे शिवलीलेचं घर रिकामं नव्हतंच. ते नुसतं के. आर. पुरमला होतं.

"अहो, तुम्ही बनियन वाळत घालता ना, तो बंब शिवलीलेचा आहे," तिनं महांतेशला सांगितलं.

"असू दे की. खायला मागतोय का तो?"

"जागा मागतोय. आणि नाव तिचं होतंय."

"कशाचं नाव?"

"तुम्हाला नाही कळायचं."

महांतेशला खरंच नाही कळलं, आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं.

पुढच्या महिन्यात कृष्णाबाई पुन्हा बेळ्ळंदूरला गेल्या. म्हणाल्या, हवापालट. बेळ्ळंदूरच्या त्या फेसाळत्या, घाण वासाच्या तळ्याकाठी हवापालटाला जाणारी ती बहुधा पहिलीच बाई. प्रणितानं त्यांना रिक्षात बसवलं आणि वर येऊन मल्लाप्पा टेम्पोवाल्याला फोन लावला.

आधी शिवलीलेचा वाटा गेला. बंब हलला तशी बाल्कनीत फरशी दिसली. ती निळी होती हे ती विसरून गेली होती. पाळणा गेला, भिंत दिसली. तिला त्याची चटक लागली. सासूबाई परत येतील, दार उघडतील आणि म्हणतील... तिनं ते वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं, स्वतःच्या नावासकट.

"ही कढईपण घ्या. समया, परात, सगळं."

"हे बी त्यांचंच काय, अक्का?" मल्लाप्पानं विचारलं.

"सगळं त्यांचंच."

"सरी, अक्का," असा कानडी होकार देत मल्लाप्पानं तिचाही वाटा वर चढवला.

रिंग रोडवर टेम्पो इतका हळू चालला होता, की शेजारच्या बसमधल्या बायकांनी कढईत किती माणसांचा भात होईल याचा अंदाज बांधून तो खिडकीतून प्रणितालाही सांगितला. प्रणिता पुढं मल्लाप्पाशेजारी, मांडीवर समई धरून, वरातीला निघाल्यासारखी ताठ बसली होती.

शिवलीलेनं दार उघडलं आणि लिफ्टमधून निघणाऱ्या पाळण्याकडे बघत राहिली.

"अक्का, अहो, फोन तरी करायचा!"

"फोन कशाला? तुझाच वाटा. इतके दिवस सांभाळला, आता घे बाई. मन मोकळं झालं माझं."

"पण आमच्याकडं सगळं फिकट रंगात आहे..."

"मग तांबं उठून दिसेल."

आतून कृष्णाबाई आल्या. त्यांनी बंब बघितला, घागरी बघितल्या, कढईच्या कडीवरून हात फिरवला. मग पदर खोचला. "हे हितं ठेव. न्हाई, भिंतीला लाव. शिवलीला, तो सोफा सरकीव." सोफा सरकला. कुंडीला बाथरूममध्ये जावं लागलं. तासाभरात त्या घरात इकडून तिकडं जाताना अडखळायची चांगली सोय झाली, आणि कृष्णाबाई मधोमध पाटावर बसून सगळ्याकडं बघत होत्या. शिवलीलेचा चेहरा बघून प्रणिताला बऱ्याच महिन्यांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

"चला आत्ती," ती सासूबाईंना म्हणाली, "परत टेम्पो तिकडंच चाललाय. जाऊ या घरी."

"कशाला?"

"म्हणजे? घर बघा की आपलं. सगळं मोकळं केलंय तुमच्यासाठी."

"सामान हितं, आन् मी तिथं जाऊन भिंती बघत बसू? माझी गादी आन् गोळ्या तेवढ्या पाठवून दे मल्लाप्पासंगं."

मोकळ्या भिंती कृष्णाबाईंना आवडत होत्या, पण दुसऱ्याच्या घरातल्या. शिवलीला आणि प्रणिता, दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडं बघितलं. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं असावं.

महिन्याभरानं बसवंत, धाकटा मुलगा, आईला के. आर. पुरमला सोडून कामाला गेला. "संध्याकाळी न्यायला येतो," म्हणाला. कृष्णाबाईंनी हॉलभर नजर फिरवली.

"काय घर ठेवलंयस, प्रणिता. लई छान."

पाहुण्या म्हणतात तसंच म्हणाल्या, आणि खुर्चीच्या कडेला टेकल्या.

"तिकडं कसं चाललंय, आत्ती?"

"बरं हाय. बंबाच्या आत दिवा लावलाय तिनं. सोसायटीतल्या बायका येऊन फोटो काढत्यात. मलाबी उभी करत्यात शेजारी."

प्रणितानं ते फोटो बघितले होते. महांतेशच्या फोनवर.

"झोप लागते का?"

"लागती की."

"भाकरी येते तिला?"

"विकतची आणती. मऊ असती."

प्रणितानं पदराची घडी सारखी केली. "आणि चहा?"

"चहा झकास करती. दोन चमचे साखर घालून."

"आत्ती! तुम्हाला चालते का साखर?"

"गोळ्या कशाच्या, तिला कुठं ठाऊक हाय," कृष्णाबाई म्हणाल्या आणि हसल्या. या घरात इतकी वर्षं राहून त्या असं कधी हसल्या नव्हत्या.

प्रणितानं फोन उचलला. शिवलीलेचं नाव काढलं, त्याकडं जरा वेळ बघितलं आणि फोन पालथा ठेवला. मग आत जाऊन आधण ठेवलं, चहा टाकला, आणि साखर घातली. तीन चमचे, शीग लावून.