आजोबांची अर्धी गोळी

माझे सासरे कारखान्यांतले बॉयलर तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासणी सुटलेली नाही. घरातून निघताना एकाने "गॅस बंद" म्हणायचं आणि दुसऱ्याने बटणाला हात लावून पुन्हा "बंद" म्हणायचं. त्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. कुठल्याही सिनेमाची सुरुवात मी आणि नवऱ्याने आजवर पाहिलेली नाही.

असा माणूस परवा भर दुपारी, स्वतःच्या हृदयाची गोळी चिमटीत धरून, तिचे दोन तुकडे करत होता. पिल्लूसाठी.

पिल्लू माझ्या मांडीवर, तापाने लालबुंद. माझा लेक, चार वर्षांचा जीव. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बघून सांगितलं होतं: व्हायरल आहे, पॅरासिटामॉलचं सिरप वजनाप्रमाणे मोजून द्या, पाणी पाजत राहा, आणि ॲस्पिरिन चुकूनही नको. सिरप नुकतंच पाजलं होतं. त्याचा गुण यायला थोडा वेळ लागतो. आजोबांना तेवढा दम नव्हता.

"बाबा, काय करताय?"

"ॲस्पिरिन. आमच्या लहानपणी तापाला हेच द्यायचे. आणि मी रोज घेतो, मला काही झालंय का?"

"झालंय म्हणूनच घेता ना!" स्वयंपाकघरातून सासूबाई.

"तू गप गं. अर्धीच देतोय."

"व्हायरल तापात मुलांना ही दिली तर मेंदूवर, यकृतावर जाऊ शकतं, बाबा. क्वचितच होतं म्हणाल्या डॉक्टर, पण झालं तर जिवावर बेततं."

"डॉक्टर! काल शिकून आली ती. चमचा दे."

उठावं, तर पिल्लूचा आत्ता कुठे डोळा लागत होता. ओरडावं, तर मी पडले सून.

"देऊ," मी म्हटलं. "पण तुमच्या पद्धतीने. गोळीचा कागद तुम्ही वाचा, मी बोट ठेवून पुन्हा म्हणते."

ते थबकले. ज्या नियमासाठी आयुष्यभर लोकांना धारेवर धरलं, तो आपणच कसा मोडणार? चष्मा चढवला. खोक्यातला घडीचा कागद उलगडला. अक्षरं मुंगीएवढी, पण आवाज कारखान्यातला, खणखणीत. "विषाणूजन्य तापात लहान मुलांना..." इथे आवाज उतरला. "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये."

मी बोट ठेवलं. "देऊ नये."

"देऊ नये," ते पुन्हा म्हणाले. खरं तर पाळी त्यांची नव्हती.

सासूबाईंनी त्यांच्या तळहातावरचे दोन्ही तुकडे उचलले आणि कचऱ्यात टाकले. मग बाबा पिल्लूच्या पायाशी बसून राहिले, तळव्यावर हात ठेवून. बॉयलर कधी त्यांचा नातू नव्हता.

संध्याकाळी ताप उतरला, पिल्लूने बिस्किट मागितलं आणि नणंदेचा फोन आला. सासरे खिडकीशी उभे राहून बोलत होते, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

"अगं, मी होतो म्हणून! ताप आला की लोक घरात दिसेल ती गोळी द्यायला निघतात. मी कागद वाचला आणि ठणकावून सांगितलं, पोराला ॲस्पिरिन द्यायची नाही म्हणजे नाही. हल्लीच्या मुलींना कुठलं कळायला?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. घेऊ देत श्रेय. आता ती गोळी पिल्लूच्या तोंडाजवळ न्यायची या घरात कुणाची छाती होणार नाही, त्यांची तर नाहीच नाही.