टोकांशी न विरणारी कोर

कोरीची दोन्ही टोकं मधल्या भागाइतकीच जाड होती. मफ्तुहाने लॅपटॉपवर चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं. खरी कोर टोकांकडे निमुळती होत विरून जाते. ही मात्र खिळ्याने ओढलेल्या ओरखड्यासारखी एकदम सुरू होत होती आणि एकदम थांबत होती.

मागे टेकडीवर सगळा किनारा लोटला होता. रमजानचा एकोणतिसावा उपवास खजुरावर सोडून लोक समुद्राकडे तोंड करून उभे होते. कोर दिसली तर उद्या ईद, नाहीतर आणखी एक उपवास. नुसत्या डोळ्यांना कुणालाच काही दिसलं नव्हतं. दिसत होतं ते फक्त तिच्या पडद्यावर, दुर्बिणीतून घेतलेले शेकडो फोटो एकावर एक रचून केलेल्या चित्रात.

"म्बाक, चंद्र आहे तो, नवरामुलगा नाही," दुर्बिणीपाशी उभा असलेला गुफ्रोन म्हणाला. तो तिला म्बाक म्हणजे ताई म्हणायचा, ती त्याला मास म्हणजे दादा. "किती पारखून घ्याल?"

कोर पाहिल्याची साक्ष गुफ्रोन देणार होता. शपथ द्यायला न्यायाधीश बस्थोमी, ज्यांना सगळे आदराने पाक म्हणत, कुराण घेऊन शेजारी बसले होते. पण गुफ्रोन शपथ घेणार होता ती तिच्या शब्दावर.

"ईद ठरवणारी जाकार्तातली बैठक खोळंबलीय," पाक बस्थोमी म्हणाले. "दुसरीकडून कुठूनही होकार नाही. मला घाई नाही, म्बाक. फोनवाल्यांना आहे."

"थोडं थांबा, पाक." हे तिने मघाशीही म्हटलं होतं.

कोर लख्ख पांढरी दिसत होती, पण तो पांढरेपणा तिनेच दिलेला होता. एकेकट्या फोटोत नुसतं करडं आकाश होतं. सगळे रचल्यावर उरलेला केसभर फरक तिने ताणून काळा-पांढरा केला होता. इथे शेजारच्यापेक्षा उजेड किंचित जास्त आहे, एवढंच चित्र सांगत होतं. तो कुठून आला, ते सांगत नव्हतं.

"मास गुफ्रोन, रिकाम्या आकाशाचे फोटो कधी घेतलेत?"

"दुपारी. नेहमीसारखे."

"नंतर कॅमेऱ्याच्या काचेला हात लावलात?"

"हात कशाला? पंपाने फुंकर मारली. एक तंतू चिकटला होता. पाहुणा येणार म्हणून घर झाडलं."

काचेवरची धूळ जिथे उजेड खाते, तिथे संगणक तेवढा उजेड भरून देतो. ते रिकाम्या आकाशाचे फोटो त्यासाठीच असतात. दुपारी तंतू होता, आता नव्हता. भरपाई मात्र चालूच होती, म्हणजे तंतूच्या जागी उजळ रेघ उमटणारच.

तिने ते दुपारचे फोटो हिशेबातून काढले. कोर नाहीशी झाली.

गुफ्रोनचा चेहरा उतरला, पण तो हटला नाही. "त्या फोटोंशिवाय खरी कोरही दिसत नाही. तुम्हीच शिकवलंय."

ते खरं होतं. मधे त्याने दुर्बीण जराशी डावीकडे सरकवली होती. सरकवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो तिने वेगळे केले, दुपारची भरपाई पुन्हा लावली आणि दोन चित्रं रचली. चंद्र असता तर दुसऱ्या चित्रात त्याची जागा बदलली असती. मागे कुणीतरी ईदची तकबीर, अल्लाहू अकबर, म्हणायला लागलं, दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

दोन्ही चित्रांत रेघ त्याच जागी होती.

गुफ्रोन तिच्या कानाशी वाकला. "गणिताने चंद्र आत्ता तिथेच आहे ना? मग ही रेघ त्याची नसली तर काय बिघडलं? लोकांकडे बघा तरी."

तिने बघितलं. पोरं बापांच्या खांद्यांवर चढून तिच्याकडेच पाहत होती. या टेकडीवरून आजवर एकदाही होकार गेला नव्हता, आणि गुफ्रोनने त्यासाठी कितीतरी रमजान वाट पाहिली होती.

"चंद्र आहे, अशी शपथ नसते," ती हळूच म्हणाली. "पाहिला, अशी असते."

पाक बस्थोमींनी कुराणावरचं कापड बाजूला केलं आणि तिच्याकडे पाहिलं.

मफ्तुहा उठून उभी राहिली. मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "शपथ देऊ नका, पाक. हा चंद्र नाही. कोर दिसली नाही, असं कळवा."