शंभरातली दहा कुठे गेली?

मी एक जुना संगणक आहे. सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका लहानशा गावात, आरोग्य उपकेंद्राच्या टेबलावर माझं बस्तान आहे. आलो तेव्हा माझं कोण कौतुक! पुष्पांजली सिस्टरनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आता माझ्या डोक्यावर कापसाचे गठ्ठे ठेवतात. चालायचंच.

मित्रांनो, माझं खरं काम चित्र पाठवण्याचं. आठवड्यातून एकदा नागपूरचे डॉक्टर माझ्या पडद्यावर येतात आणि इथले रोगी तपासतात. रोग्याचं चित्र सबंध जात नाही. मी त्याचे बारीक तुकडे करतो. त्यांना पॅकेट म्हणतात. गच्चीवरच्या अँटेनातून ती तलावापलीकडच्या टॉवरकडे जातात. गावाचं वाय-फायही याच वाटेने चालतं. शंभर पाठवली आणि नव्वदच पोचल्याचा निरोप आला, की मी अंदाज बांधतो, शंभरात दहा हरवतात, म्हणजे वाटेत गर्दी आहे. मग मी हात आखडता घेतो, इतरांना जागा देतो. सगळे असे समजुतीने वागतात म्हणून वाट तुंबत नाही. या शहाणपणाचा मला भारी अभिमान होता.

गेल्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी उमरावकाका आले. गावच्या तलावाचं पाणी शेताशेताला वाटून देण्याचं काम त्यांच्या घराण्याकडे. साखरेचा आजार, त्यात बांधावर अनवाणी हिंडणं. पायाचा अंगठा चिघळला होता.

"अंगठा काळा वाटतोय," डॉक्टर म्हणाले. "रक्त पोचत नसेल तर कापावा लागेल. दाबून सोडा, रंग परत येतो का ते बघू."

सिस्टरनी दाबून सोडला. पण त्या दिवशी पॅकेटं फार हरवत होती, म्हणून मी चित्र पार हलकं करून टाकलं होतं. डॉक्टरांना नुसते काळे चौकोन दिसले.

"मंडईले पाव्हने आले, सगळे मोबाइल पाहून राहिले," काका म्हणाले. "पान्यावानी पाळी लावा. आपलं होईस्तोवर बाकीचे बंद."

काकांचा शब्द गावात कोणी मोडत नाही. त्यांच्या घरच्या सुशीलाबाई हाका मारत गल्लीभर फिरल्या आणि वाय-फायवरचे सारे फोन बंद झाले. तरी शंभरातली दहा हरवतच होती. मला वाटलं, गर्दी अजून आहे. मी हात आणखी आखडला.

"काऊन जी? आता तं कोनीच पाहून नाही राहिलं!" सुशीलाबाई कावल्या.

काकांनी बोटांवर पाटाची तोंडं मोजली. मग म्हणाले, "वरचे सगळे तोंड बंद, तरी खाली पानी नाही. मंग पाळीचा दोष नाही. पाट कुठं तरी अडला."

सिस्टर गच्चीवर धावल्या आणि वरूनच ओरडून सांगू लागल्या. अँटेनाच्या ऐन समोर मंडईच्या नाटकाची टिनाची कमान उभी होती, घरांच्याही वर.

"मीच म्हनलो होतो, उंच करा म्हनून," काका ओशाळले. "पाडा ते!"

"अध्यक्षसाहेब, मंडईचे अध्यक्ष म्हनून तुमचंच नाव हाय त्याच्यावर," मंडपवाला चुन्नीलाल दारातून म्हणाला.

"नावाले काय चाटू? अंगठा जाऊन राहिला माहा!"

टिन उतरलं. पॅकेटं सगळी पोचू लागली. पण एकदा धास्तावलो की मी एकदम धावत नाही. थोडी पाठवतो, पोचली का बघतो, मग आणखी थोडी. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, त्यांच्या दाराशी रोगी खोळंबले होते. स्वतःच्या जपून चालण्याचा मला पहिल्यांदाच राग आला. चौकोन लहान होत गेले आणि शेवटी अंगठा स्वच्छ दिसला. सिस्टरनी पुन्हा दाबून सोडला. कातडी पांढरी पडली, मग हळूहळू गुलाबी झाली.

"कापायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध घ्या, पट्टी बदला, आणि चप्पल घाला."

सुशीलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि रडता रडता नवऱ्यावर खेकसल्या, "आइकलं का? चप्पल!"

मित्रांनो, माझा हिशेब चुकला नव्हता. शंभरातली दहा खरोखरच जात होती. ती का जातात, हे मात्र मला टेबलावर बसून कळणारं नव्हतं. तेव्हा तुमच्याकडचं एखादं यंत्र अडखळलं, एखादा सोबती मागे पडला, तर आपल्या मनाने कारण ठरवून मोकळे होऊ नका. उठा, जाऊन बघा, वाट कशाने अडली आहे ते. हरवलेलं पॅकेट मला पुन्हा पाठवता येतं. माणसाचा अंगठा पुन्हा पाठवता येत नाही.