रंगवलेली खिडकी

आमच्या इस्टेटीच्या फाटकाला दोन बुरूज आहेत, मधे कमान, कमानीवर दगडी सिंह. येणारे-जाणारे घोडे थांबवून बघत राहतात. बघा बापडे! तुम्हाला कुठे इथे राहायचंय?

डावा बुरूज नुसता शोभेचा, आतून पोकळ. उजव्यात मी आणि माझा नवरा ईनॉक. खाली चूल आणि ओल, वर पलंग, मधे छत्तीस पायऱ्यांचा चिंचोळा गोल जिना. ईनॉकची छाती बिघडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ओलीत नको, वरच झोपवा. तेव्हापासून घंटा वाजली की फाटक उघडायला मी खाली, तो खोकला की मी वर. गुडघ्यांचा पार भुगा झाला.

वरच्या खोलीला खिडकी नाही. बंगल्याच्या बाजूने नाहीच, मालकांच्या बग्गीकडे नोकरांनी टकामका बघायचं नसतं. रस्त्याच्या बाजूने दोन्ही बुरुजांना आहे, पण दगडावर रंगवलेली. काळ्या काचा, पांढरी चौकट. दर चार वर्षांनी रंगारी येऊन चकाचक करून जातो.

त्या रस्त्यावर ईनॉकने तीस वर्षं मालाची घोडागाडी हाकली होती.

"केझिया, कोण गेलं गं?"

"लोहार."

"काहीतरीच! लोहाराच्या घोडीचा नाल वाजतो. हा पाववाला."

"कळतं तर मला कशाला छळतोस?"

"बघायचंय गं मला. एकदा तरी."

मागच्या वसंतात कमान तपासायला लंडनचे वास्तुकार लॅशमसाहेब आले. मी धीर करून विचारलं, आमची एक खिडकी खरी करता का? ते हसलेच. "बाई, एक खरी, एक खोटी? सगळा तोल बिघडेल!" कारभारी स्क्रिव्हन म्हणाला, "भिंत दोन हात जाड आहे. महिन्याभराचं काम." ईनॉकला काय सांगायचं, याचा विचार करत मी जिना चढले.

"विचार करतो म्हणाले."

"मग मेलोच मी," तो म्हणाला आणि हसला.

यंदा मार्चमध्ये तो गेला. आमच्या सुताराने शहाणपणा केला. पेटी वर चढवायचे कष्ट नकोत म्हणून फळ्या वर नेल्या आणि खोलीतच ठोकल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, झाकण बसलं, चौघांनी उचललं, आणि पेटी जिन्यात शिरेचना. उभी केली, आडवी केली, छे! झाकण उघडायला पाद्रीबाबा तयार होईनात. आणि शनिवारी बंगल्यावर पाहुणे.

स्क्रिव्हनने गवंड्याला बोलावलं. "रस्त्याकडची भिंत फोड."

नऊला घण पडला. अकराला खोलीत ऊन आलं. दोन तास! दोन तासांचं काम होतं ते! मी स्क्रिव्हनकडे बघितलं, तो टोपी झटकत होता.

"उद्या बुजवून टाक," तो गवंड्याला म्हणाला, "आणि रंगाऱ्याला सांगून ठेव."

माणसं दोर बांधायला लागली.

"थांबा रे जरा," मी म्हटलं. "पेटी राहू दे तिथेच, थोडा वेळ."

ते थांबले. रस्ता पार टेकडीपर्यंत दिसत होता. मी पेटीवर हात ठेवून उभी राहिले आणि मला रडू आवरेना.